आता बरं, की आधी बरं

जावई केबल आणायला बाहेर पडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. घरात जेवणं उरकली होती, बायको कामावर गेली होती, आणि सासरे, ज्यांना घरात-बाहेर सगळेच आप्पा म्हणत, हात पुसत नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत आपल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसले होते. हे त्याला अजिबात आवडलं नव्हतं, कारण मागची खोली आता त्याची कामाची खोली होती. पण घर आप्पांचं, खोली आप्पांची, खुर्चीही त्यांचीच. घरजावयाने कुठल्या तोंडाने बोलायचं? त्याने मुकाट्याने चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.

दुकानदाराने त्याचं म्हणणं अर्धवट लक्ष देऊन ऐकलं.

"मॉनिटर लॅपटॉपला जोडलाय. सकाळी उत्तम चालतो. दुपारी बिघडतो."

"बिघडतो म्हणजे काय होतं?"

"रेझोल्यूशन उतरतं. अक्षरं भोपळ्याएवढी होतात, त्यांच्या कडा फुटतात. वर सगळं आडवं ताणलं जातं. मी वर्तुळ काढलं की अंडं दिसतं."

"केबल असणार," दुकानदार म्हणाला. "बहुतेक वेळा केबलच असते."

"पण दुपारीच का?"

"केबलला कुठे घड्याळ कळतं, साहेब." त्याने नवी केबल काउंटरवर ठेवली. "घरात लहान मुलं आहेत का? हात लावणारी?"

"नाही."

"मग कोण आहे?"

"सासरे," जावई म्हणाला. दुकानदार नुसता हसला. परतीच्या रस्त्याने ते हसू जावयाच्या डोक्यातून जाईना.

त्याचं काम घरांचे नकाशे काढायचं. दुसऱ्या शहरातलं एक ऑफिस त्याला मोजमापं पाठवायचं आणि तो भिंती, जिने, दारं-खिडक्या आखून परत पाठवायचा. एवढाले नकाशे लॅपटॉपच्या चिमुकल्या पडद्यावर मावत नाहीत, म्हणून त्याने मागच्या खोलीतल्या टेबलावरचा मोठा मॉनिटर जोडून घेतला होता. तो सासूबाईंचा. त्यांना माई म्हणत. माई मागच्या वर्षी गेल्या. आप्पा एकटे पडले म्हणून लेक-जावई येऊन राहिले, आणि माईंची खोली जावयाला मिळाली. आप्पांनी स्वतःच दिली होती, मागायची वेळ आणली नव्हती. मात्र आता त्या उदारपणातही त्याला काहीतरी खोच दिसायला लागली होती.

नवी केबल लावली. वर्तुळ वर्तुळासारखं दिसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आला तर पुन्हा अंडं.

मग त्याने जे जे करता येतं ते सगळं केलं. लॅपटॉपमधला मॉनिटर चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, काढून पुन्हा टाकला. केबल दुसऱ्या बाजूला खुपसून पाहिली. मॉनिटरची स्वतःची बटणं दाबून सगळं मूळपदावर आणलं. लॅपटॉप बंद करून, थांबून, पुन्हा चालू केला. रोज सकाळी सेटिंगमध्ये जाऊन तो योग्य तो आकडा निवडायचा, रोज दुपारी तो बदललेला असायचा. आणि दरवेळी बदलून व्हायचा तो एकच, खालून दुसरा, ज्यात अक्षरं सगळ्यांत मोठी दिसतात.

एके दिवशी भात कालवता कालवता त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रेझोल्यूशन बदललं की पडद्यावर एक चौकट येते. हे बदल ठेवायचे का, असं ती विचारते आणि उलटे आकडे मोजायला लागते. तेवढ्यात कुणी 'ठेवा' दाबलं तर ठीक, नाहीतर मशीन गुपचूप आधीच्या जागी परत जातं. न दिसणाऱ्या पडद्यासमोर माणूस अडकून पडू नये म्हणून केलेली ती सोय. म्हणजे केबल बिचारी निर्दोष होती. बदल आपोआप झाला असता तर आपोआप परतलाही असता. रोज दुपारी त्या खोलीत कुणीतरी 'ठेवा' दाबत होतं.

आणि त्या खोलीत दुपारी एकच माणूस असायचा.

"आप्पा," त्याने शक्य तितक्या सहज विचारलं, "तुम्ही माझ्या लॅपटॉपला कधी हात लावता का?"

"मी?" आप्पांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, जावईबापू."

"मग दुपारी तिथे बसता कशाला?"

"तिथे वारा चांगला येतो."

खोलीला एकच खिडकी होती, आणि ती समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. वारा कसला, माशीसुद्धा तिकडून येत नसे. तिथे यायचा तो एक बारीक वास, स्पिरिटचा, आणि तोही दुपारचाच. आप्पा बसल्या बसल्या चष्मे पुसत असतील, असं त्याने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. आप्पांचं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं होतं. ते भिंगं घासायचे, काड्या बसवायचे, आणि माई डोळे तपासायच्या. जड लोखंडी चौकट गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवून पेटीतलं एकेक भिंग स्पिरिटने पुसून तिच्या खाचेत टाकायच्या, आणि दर भिंगाला विचारायच्या, "आता बरं, की आधी बरं?" लग्न ठरलं तेव्हा जावयालाही त्यांनी हौसेने खुर्चीत बसवायचा प्रयत्न केला होता. माझी नजर शाबूत आहे म्हणत तो हसत निसटला होता.

आता त्याने सापळे लावायला सुरुवात केली. जेवायला जाताना तो माउस काढून बरोबर न्यायला लागला. सुट्टीच्या दिवशी बायकोने त्याच्या फुगलेल्या खिशाकडे बोट दाखवलं.

"हे काय घेऊन बसलास ताटावर?"

"माउस."

"जेवणार आहे का तोही?"

आप्पा खो खो हसले. जावयाला ते हसणंही जास्तीचं वाटलं. जेवण होताच आप्पा मागे गेले, आणि तो गेला तेव्हा पडद्यावर भोपळ्याएवढी अक्षरं त्याची वाटच पाहत होती. त्याने पासवर्ड बदलला. लॅपटॉपला कुलूप लावून गेला. परत आला तर कुलूप तसंच होतं, मात्र कुलपाच्या पडद्यावरचं त्याचं स्वतःचं नाव आडवं ताणलेलं आणि मोठंच्या मोठं झालेलं.

एवढं झाल्यावर दुसरा कुणी घाबरला असता. जावई चिडला. म्हातारा दिसतो त्यापेक्षा पोहोचलेला आहे, एवढाच अर्थ त्याने काढला.

शेवटी त्याने फोन वापरला. लॅपटॉप उघडाच ठेवला, फोनवर चित्रण सुरू केलं, तो कपाटावरच्या पेल्यातल्या पेन्सिलींमागे उभा केला आणि जेवायला गेला. आप्पांना मुद्दाम जास्त वेळ बसू दिलं. मग फोन घेऊन बाहेरच्या कठड्यापाशी जाऊन पाहिलं.

चित्रात आप्पा आत आले. खुर्ची थोडी सरकवली, टेबलासमोर नव्हे, बाजूला, टेबलासमोरची जागा मोकळी सोडून. बसले. दोन्ही हात मांडीवर. मग खूप वेळ काहीच झालं नाही. जावयाने कंटाळून बोट पुढे सरकवलं, आणि तेवढ्यात चित्रातल्या मॉनिटरचा पडदा काळा झाला. पुन्हा उजळला तेव्हा सगळं मोठं झालेलं होतं आणि मधोमध ती चौकट होती. आप्पांचे हात मांडीवरच होते. त्यांनी मान किंचित वाकवली आणि हलक्या आवाजात, समोरच्या रिकाम्या जागेला विचारलं,

"आता बरं… की आधी बरं?"

थोडा वेळ गेला. बाण हळूहळू सरकत 'ठेवा'वर जाऊन थांबला. चौकट नाहीशी झाली. आप्पांनी समाधानाने मान हलवली आणि डोळे मिटले.

जावयाने ते पुन्हा पाहिलं. त्याच्या मानेवर घाम आला होता, हे खरं. पण शंकेने एकदा घर केलं की तिला सगळंच पुरावा म्हणून चालतं. आवाजाने! म्हातारा आवाजाने चालवतोय! लॅपटॉपला तोंडी हुकूम देता येतात हे त्याला माहीत होतं. त्याने धावत जाऊन ती सोय तपासली. ती बंद होती. मग त्याला म्हाताऱ्याचं आणखीनच नवल वाटलं, की काम झाल्यावर ती बंदही करून ठेवतो.

हा खेळ तिथेच थांबला असता तर हसण्यावारी गेला असता. पण त्याच आठवड्यात एका घराचा नकाशा घाईने पाठवायचा होता. दुपारी पडदा सारखा करण्यात वेळ जाईल म्हणून त्याने आहे त्याच ताणलेल्या पडद्यावर अक्षरं बसवली. मोठी दिसत होती म्हणून नजरेच्या अंदाजाने लहान केली. छापून आली ती मुंग्यांच्या रांगेसारखी. जागेवरच्या लोकांना मापं वाचता आली नाहीत आणि एक दार भलत्याच भिंतीत फोडलं गेलं. साहेबांचा फोन आला. साहेब ओरडले नाहीत, ही वाईट खूण होती. पुन्हा असं झालं तर आपण दोघं मोकळे, एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने फोन बायकोपुढे ठेवला. तिने ते सगळं पाहिलं. वडिलांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"ही माईची वाचायची वेळ," ती हळू म्हणाली. "शेवटी शेवटी तिला दिसेना, तेव्हा तो मॉनिटर मीच आणला होता. अक्षरं मोठी करून दिली होती. जेवण झालं की ती वाचत बसायची आणि आप्पा तिच्या शेजारी."

"मग? त्यांनी माझं काम घालवायचं?"

"आप्पा, तुम्ही करताय का हे?"

"मी नुसतं विचारतो, बाळ," आप्पा म्हणाले. "उत्तर द्यायचं माझ्या हातात कुठे आहे?"

"विचारता कुणाला?" जावयाचा आवाज चढला.

आप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बायको उठून आत गेली आणि तिने नळ सोडला, तो बराच वेळ वाहत होता.

भाड्याचं घर लवकर मिळालं. बायकोचं मन नव्हतं. वडिलांना या वयात एकटं टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं, आणि नवऱ्याची नोकरीही डोळ्यांसमोर बुडताना बघवत नव्हती. ती दोघांशीही धड बोलत नव्हती. सामान खाली नेताना जावयाने मॉनिटरकडे पाहिलं. मॉनिटरमध्ये दोष नव्हता, दोष कुणात होता ते त्याला चांगलं माहीत होतं.

"हा नेला तर चालेल ना?"

आप्पा खुर्चीत बसले होते. मॉनिटरकडे बघत म्हणाले, "न्या. तुमच्या कामाचा आहे. फक्त दुपारी तेवढं कुणीतरी विचारत जा, जावईबापू. विचारलं की ती आपली वाचत बसते."

"आणि नाही विचारलं तर?"

"मग ती विचारायला लागेल," आप्पा म्हणाले. "तिला सवय आहे."

जिना उतरताना जावयाने बायकोला विचारलं, की आप्पांना एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवायचं का. ती हातातली पिशवी सांभाळत पुढे उतरत गेली.

नव्या घरात सगळं सुरळीत झालं. वर्तुळ सकाळी वर्तुळ, दुपारी वर्तुळ, संध्याकाळीही वर्तुळच. जावई खूश होता. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं होतं, आणि बायको ते कबूल करत नाही एवढीच काय ती रुखरुख. ती रोज कामावरून आधी आप्पांकडे जायची, त्यांचं हवं-नको बघायची, मग घरी यायची. एकदा म्हणाली, "आप्पा जेवत नाहीत नीट. दुपारी दारात बसून असतात." जावयाला वाईट वाटलं. मनापासून वाटलं. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

एका दुपारी आप्पांचा फोन आला.

"जावईबापू, एक विचारायचं होतं. तिकडे अक्षरं मोठी होतात का?"

"नाही," तो म्हणाला. त्याला आवाजातला विजय लपवता आला नाही. "एकदाही नाही, आप्पा. इथे कुणी हात लावणारं नाही ना."

पलीकडे वेताची खुर्ची करकरली.

"इथेही ती नाही," आप्पा म्हणाले. "खुर्ची जवळ घेऊन बसतो… विचारतो… काहीच होत नाही. मला वाटलं तुमच्याबरोबर आली असेल." मग घसा साफ करून म्हणाले, "बरं. काम करा तुम्ही."

फोन ठेवून जावई पुन्हा नकाशाकडे वळला. जेवण नुकतंच झालं होतं. बायको घरी नव्हती. खालच्या रस्त्यावर कुणीतरी लोखंडी दार ओढून बंद केलं, आणि मग एकदम शांत झालं. जिन्याची वळणं आखता आखता त्याला स्पिरिटचा वास आला.

त्याने खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती.

मग अक्षरं मोठी झाली. त्याने वैतागून सेटिंग उघडलं. आकडा बरोबर होता. सकाळी निवडलेला तोच, जागच्या जागी. त्याने तो पुन्हा निवडला. काही फरक पडला नाही. त्याने चिडून मॉनिटरची केबलच उपटली. मोठा पडदा विझला, आणि लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावरही अक्षरं तशीच, फुगलेली, कडा फुटलेली. त्याने मान वळवली. भिंतीवरचं घड्याळ आडवं ताणलेलं होतं. टेबलावरची बशी अंड्यासारखी दिसत होती. त्याने स्वतःचे हात डोळ्यांपुढे धरले आणि बोटांच्या कडा त्याला ओळखता येईनात.

तेवढ्यात त्याच्या नाकावर काहीतरी गार, जड टेकलं.

त्याने चाचपून पाहिलं. बोटांना नुसतं नाक लागलं. पण वजन तसंच होतं, कानांमागेही दोन गार टोकं रुतली होती. अगदी कानाजवळ काचेवर काच घासल्यासारखा आवाज झाला. टक्. काहीतरी खाचेत बसलं. घड्याळ एकदम गोल झालं, मग पुन्हा लांबलं.

"आता बरं…" मागून, प्रेमळ आणि थोड्या घाईतल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "की आधी बरं?"

तो गर्रकन मागे वळला, मागे नुसती भिंत होती. आणि त्या शांततेत कुणीतरी उलटे आकडे पुटपुटत होतं, संथपणे, खाली खाली. उत्तर दिलं नाही तर काय होईल? मशीन आधीच्या जागी परत जातं. पण आधीची म्हणजे कुठली, ते त्याला आठवेना.

"आधी," तो कसाबसा म्हणाला. "आधी बरं होतं."

वजन उतरलं. वास गेला. बशी गोल, घड्याळ गोल, बोटं जिथल्या तिथे. तो भिंतीला पाठ लावून बायको येईपर्यंत बसून राहिला.

ती आली, पिशवी ठेवली आणि त्याच्याकडे बघतच राहिली. "तू चष्मा कधीपासून लावायला लागलास?"

"मी कुठे चष्मा लावतो?"

तिने त्याला आरशापुढे नेलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लाल खळगे पडले होते, दिवसभर जड चौकट लावून बसणाऱ्यांना पडतात तसे.

जावयाने त्याच पावली फोन उचलला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलले नाहीत.

"चुकलो, आप्पा," तो म्हणाला. "तुमच्यावर उगाच संशय घेतला. आम्ही परत येतो. उद्याच येतो. मॉनिटर होता तिथे ठेवतो, खोली तुमची तुम्हाला देतो. तुम्ही विचारत बसा, तिला वाचू दे."

"या ना," आप्पा म्हणाले. "घर तुमचंच आहे." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "उत्तर काय दिलंत तुम्ही?"

"आधी बरं, म्हणालो."

फोनमधून चष्मा मिटून ठेवल्याचा आवाज आला. बायको शेजारी उभी राहून ऐकत होती, तिने त्याच्या दंडाला घट्ट धरलं.

"मग आता खोली देऊन उपयोग नाही, जावईबापू. ती तुमचा नंबर काढायला बसली आहे… आणि पेटीत तिच्या भिंगं पुष्कळ. आधी बरं म्हटलं की ती पुढचं लावते, मग त्याच्या पुढचं." त्यांच्या आवाजात भीती नव्हती, थोडा हेवा होता. "नंबर अर्धवट टाकून तिने आजवर एकाही गिऱ्हाइकाला खुर्चीतून उठू दिलेलं नाही."

जावयाने फोन ठेवला. बायको त्याच्या समोर उभी होती, अगदी हाताच्या अंतरावर, आणि काय झालं म्हणून विचारत होती. तिचा चेहरा हळूहळू आडवा व्हायला लागला होता.